हिरव्या कठड्याची पैज

बेलफोर्ड, आयोवा
३१ जुलै १९९७

लोरेटा,

परवापासून माझ्या खुंटीवर एक मासा टांगलेला आहे.

हलक्यात घेऊ नकोस. मासा माणसाएवढा आहे, स्पंजाचा आहे, त्याला फूटभर लांबीच्या मिशा आहेत, आणि तो ओला आहे. आमच्या बेसबॉल संघाचं नाव कॅटफिश, म्हणून प्रत्येक सामन्यात एक मासा मैदानावर नाचवावा लागतो. आत ऑर्व्हिल प्लंब असतो. हा गावातला निवृत्त न्हावी, वजन तुझ्या फ्रीजइतकं. जुलै महिन्यात ऑर्व्हिल अडीच तास स्पंजात नाचल्यावर त्या स्पंजाचं काय होत असेल याची तू कल्पना करू शकतेस. मला करावी लागत नाही. पूर्वी मासा बॉयलरच्या खोलीत वाळायचा. तिथे आता सॉसेज ठेवायचा फ्रीज आलाय. सॉसेजना वास लागेल म्हणून मासा खेळाडूंच्या खोलीत, आणि खेळाडूंत तो माझ्या वाट्याला.

मी रीतसर आमच्या मॅनेजरकडे, म्हणजे बर्ल टकरकडे गेलो.

"बर्ल, माझ्या खुंटीवर मासा आहे."

"मग?"

"मी या संघात अकरा वर्षं आहे."

"मासा चौदा वर्षं आहे," बर्ल पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "ज्येष्ठताच बघायची तर तुझी बॅग त्याच्या खुंटीवर आहे."

असो. तुझं कार्ड मिळालं. घटस्फोटानंतरच्या सहा वर्षांत पहिलं, आणि त्यातही चारच ओळी. घर विकलंस, पंधरा सप्टेंबरला किल्ल्या द्यायच्या, घेणाऱ्यांनी मागच्या पायऱ्यांच्या कठड्याचे पोपडे बघून नाक मुरडलं, तेव्हा "तू रंगवतोस की नॉर्मनला सांगू?"

नॉर्मन तुझा होणारा नवरा असला तरी त्याने त्या कठड्याला हात लावायचा नाही. तो चांगला माणूस असेल, दातांचे डॉक्टर बहुधा चांगलेच असतात, निदान आपलं तोंड उघडं असेपर्यंत. पण कठडा ही तुझी-माझी भानगड आहे. तू विसरली असशील म्हणून नव्हे, तर नॉर्मनला वाचून दाखवता यावं म्हणून पुन्हा लिहितो. लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, १९८३ साली, आपण त्या पायऱ्यांवर बसून कलिंगड खात होतो. मी म्हणालो, तीन वर्षांत मी मोठ्या लीगमध्ये खेळेन. तू बी थुंकून म्हणालीस, "नाही खेळणार." हरेल त्याने कठडा रंगवायचा ठरलं. हिरवा.

तीन वर्षांच्या मुदतीवर तू अडून बसलीस. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: खेळाडू खेळतोय तोवर पैज चालू असते. मी अजून खेळतोय. म्हणून कठडा अजून तसाच आहे. यात न समजण्यासारखं काय आहे?

ड्वेन


बेलफोर्ड
११ ऑगस्ट

लोरेटा,

तुझं दुसरं कार्ड. प्रगती आहे, यावेळी पाच ओळी. "पैज १९८६ लाच संपली, ड्वेन. डबा अजून कोठारात आहे. तुझं वय छत्तीस आहे. तू अजून तिथे नक्की काय करतोस?"

डबा तू ठेवलास हे वाचून बरं वाटलं. तीन वर्षं पुरी झाली त्या दिवशी तो रंगाचा डबा तू माझ्या बॅगेवर आणून ठेवला होतास, आणि मी तो उचलून बाजूला ठेवून बॅग घेऊन निघालो होतो. तेव्हा मला ते फार पुरुषार्थाचं वाटलं होतं.

मी काय करतो, ते सांगतो. मी कॅचर आहे, म्हणजे मी उकिडवा बसतो. फलंदाजाच्या मागे, तोंडावर जाळी, छातीवर गादी, आणि समोरून एक एकोणीस वर्षांचं पोर ताशी नव्वद मैलांनी चेंडू फेकतं. कुठे जाणार हे त्याला माहीत नसतं. मला माहीत असावं अशी अपेक्षा असते. मी बोटांनी खुणा करतो, ते मान हलवतं. त्याच्या चेंडूंना मार बसला की मी उठून त्याच्यापर्यंत चालत जातो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलतो. ते पोर शहाणं होतं. मग त्याला मोठ्या संघात बोलावतात आणि मला दुसरं पोर देतात.

वर्षाखेरी बर्ल वरच्या, म्हणजे मोठ्या संघाच्या, कचेरीला माझ्याबद्दल अहवाल पाठवतो. तो काय लिहितो हे मी त्याला एकदा बिअर पाजून विचारलं होतं.

"चांगलंच लिहितो रे. लिहितो, हा माणूस इथे असल्याशिवाय माझं चालणार नाही."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. तुझ्याबद्दल एक वाईट शब्द लिहिला असेल तर जीभ झडेल माझी."

मी त्याचे आभार मानले, लोरेटा. त्याच्या बिअरचे पैसेही दिले. त्यानंतर आठवडाभराने, बसमध्ये बसलेलो असताना, त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. चांगला कॅचर हातचा कोण घालवेल? मी फलंदाजीत जरा भिकार असतो किंवा पोरांशी जरा वाईट वागलो असतो, तर त्यांनी मला दहा वर्षांपूर्वी घरी पाठवलं असतं. जरा जास्त चांगला असतो तर वर नेलं असतं. मी नेमका इथे लागतो तेवढा आहे.

पण वय झालं म्हणून कुणी सोडून देतं का? १९८८ साली मला बोलावलंच होतं. विमानतळापर्यंत गेलो होतो. त्यांच्या कॅचरचा खांदा दुपारपर्यंत बरा झाला हा माझा दोष नाही.

नॉर्मनला म्हणावं, ब्रश धुऊन ठेव.

ड्वेन


बेलफोर्ड
२१ ऑगस्ट

लोरेटा,

काल सकाळी बर्लने मला बोलावलं. दार लावून घेतलं.

"ड्वेन, तुझा गुडघा दुखतोय."

"नाही दुखत."

"दुखतोय. डावा."

हे तुला नवीन नाही. आपण संसार करत असताना मी दोनदा असाच आजारी पडलो होतो. वरच्यांनी एक महागडा नवा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, इकडे धाडलाय. संघाची यादी भरलेली. कुणाला काढायचं नाही, पण जागा तर हवी. मग एक धडधाकट माणूस बघायचा आणि त्याला जायबंदी लोकांच्या यादीत टाकायचं. कागद लीगच्या कचेरीत गेला की सात दिवस त्याचं नाव तिथून देवसुद्धा काढू शकत नाही. पगार चालू राहतो, खेळणं बंद. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलत नाही. आळीपाळीने सगळेच लंगडतात.

"त्या ट्रॅव्हिसला लंगडव," मी म्हणालो. ट्रॅव्हिस लंडी आमचा दुसरा कॅचर. वय बावीस, लग्नाला चार महिने, आईच्या नावाने अंगावर गोंदण.

"त्याला खेळून बघायचंय वरच्यांना. ड्वेन, ऐक माझं. सात दिवस. एवढं कर. सप्टेंबरात मोठ्या संघाला जास्तीचे खेळाडू घेता येतात. तिसरा कॅचर म्हणून मी तुझं नाव देतो. आजवर लिहिलं नाही तसं लिहितो. लिहितो, याला न्या."

"शपथ?"

"बायकोची."

"कितवीची?"

"हल्लीची," बर्ल म्हणाला. मला ते पुरेसं वाटलं.

तेव्हा कालपासून मी लंगडतोय. आज स्थानिक पेपरचा माणूस माझ्यामागून मैदानापर्यंत आला आणि म्हणाला, "ड्वेन, सकाळी तू दुसऱ्या पायाने लंगडत होतास." मी म्हणालो, दुखणं पसरतंय. बिचाऱ्याने लिहून घेतलं.

आता मुद्दा. किल्ल्या पंधरा सप्टेंबरला. आमचा हंगाम एक सप्टेंबरला संपतो, मोठ्या संघाचं बोलावणं त्याच सुमारास येतं. म्हणजे किल्ल्या देण्याआधी पैजेचा निकाल लागतो. मी एकदा, फक्त एकदा, तिथे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसलो की रंग तुला लावायचाय, हे विसरू नकोस. जुने कपडे घाल.

ड्वेन


बेलफोर्ड
२५ ऑगस्ट

लोरेटा,

हे पत्र तू नॉर्मनला वाचून दाखवू नयेस अशी विनंती.

काल रविवार. लहान मुलांचा दिवस. दोन हजार पोरं माशाच्या नावाने आधीपासूनच ओरडत होती आणि ऑर्व्हिलच्या कमरेत सकाळी उसण भरली. तिकिटांचा हिशेब बघणारा आमचा साहेब खेळाडूंच्या खोलीत आला, सगळ्यांवर नजर फिरवली आणि रिकामा माणूस एकच दिसला.

"माझा गुडघा जायबंदी आहे," मी म्हणालो.

"तुझा आहे. माशाचा नाही."

पाठीमागची चेन ट्रॅव्हिसने लावून दिली. आत शिरल्यावर कळतं की माशाला डोळे नुसते रंगवलेले आहेत. बघायचं ते तोंडातून. श्वासही तिथूनच. मी तीन डाव नाचलो. मग पाणी प्यायला आत, मैदानामागच्या बोळात आलो. चेन काढायला बघितली तर निघेना. हात मागे पुरत नव्हते, आणि पंखांच्या टोकाला बोटं नव्हती. म्हणून बर्फाच्या पेटीवर बसून राहिलो, कुणी येईल म्हणून.

बर्ल आला. त्याच्यामागून ट्रॅव्हिस, चिलखत अंगावर, जाळी डोक्यावर सरकवलेली. दोघांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोळात ओला मासा ही आमच्याकडे नजरेत भरणारी गोष्ट नाही.

"आवरायला लाग," बर्ल म्हणाला. "चारचं विमान. वर त्यांच्या एका कॅचरचं बोट मोडलं, दुसरा तापाने फणफणलाय. आज रात्री तू खेळतोस."

"मी?" ट्रॅव्हिस म्हणाला. "आणि ड्वेन?"

"ड्वेन यादीत आहे."

"अहो, पण त्याचा गुडघा तर..."

"मला सांगतोस? त्यांनी पहिलं नाव त्याचंच विचारलं, बाबा. पहिलं. म्हणाले, एका रात्रीचा प्रश्न आहे, अनुभवी माणूस दे. मी काय सांगू? लीगकडे कागद गेलाय, बुधवारपर्यंत तो लंगडाच."

मी आवाज करायला नको होता. पण आत उकाडा फार होता.

"बर्ल," मी माशाच्या तोंडातून म्हणालो. "मी इथे आहे."

बर्लने टोपी काढली. एवढ्या वर्षांत राष्ट्रगीत सोडून त्याला मी टोपी काढताना पाहिलं नव्हतं. मग तो माझ्या पाठीमागे जाऊन चेन ओढू लागला. जोर लावला, शिव्या घातल्या, एक पाय माझ्या पाठीला लावून ओढली. चेन ढिम्म. शेवटी "कात्री आणतो," म्हणून निघून गेला तो आलाच नाही.

ट्रॅव्हिस उभा राहिला. त्याने जाळी डोक्यावरून काढून हातात घेतली.

"ड्वेन, मी सांगू का त्यांना? मी नाही जात."

"मूर्खासारखं बोलू नकोस. आज चेंडू कोण टाकतोय?"

"ओस्ट्रॉस्की."

रे ओस्ट्रॉस्की दोन हंगाम माझ्याकडे होता. आज तो टीव्हीवर शेव्हिंग क्रीमच्या जाहिरातीत दिसतो. तेव्हा बसमध्ये रडायचा.

"नीट ऐक," मी म्हणालो. "तो टोपीचं टोक दोनदा खाली ओढायला लागला की समज त्याचं डोकं फिरलंय. पुढचा चेंडू मागूच नकोस. उठ, चालत जा त्याच्याकडे. खेळाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. कुत्र्याबद्दल विचार."

"कुत्र्याबद्दल?"

"बिस्किट नाव आहे तिचं. तीन पायांची आहे. विचार, बिस्किट अजून टपालवाल्याच्या मागे धावते का. बास. परत येऊन बस."

तो ते पुटपुटत पाठ करू लागला. मग म्हणाला, "ड्वेन, पहिला फोन कुणाला करू? आईला की बायकोला? आईला आधी नाही केला तर ती रुसेल."

"बायकोला," मी म्हणालो. "आई रुसली तरी आईच राहते."

तो पळाला. बाहेर पोरं "मासा! मासा!" ओरडत होती. पाचवा डाव सुरू व्हायचा होता. मी उठलो आणि बाहेर जाऊन नाचलो, लोरेटा. डाव्या पायावरसुद्धा.

ड्वेन


बेलफोर्ड
३ सप्टेंबर

लोरेटा,

तुझं कार्ड नाही आलं. फोन मात्र आला होता असं खोलीच्या मालकिणीने सांगितलं. "एक बाई होत्या. म्हणाल्या, काही निरोप नाही. मग बराच वेळ फोन ठेवलाच नाही." तू असशील असं मी धरून चालतो. नसलीस तर हे वाक्य वगळ.

त्या रात्रीचा सामना आम्ही सगळ्यांनी खेळाडूंच्या खोलीत टीव्हीवर पाहिला. सहाव्या डावात ओस्ट्रॉस्कीने टोपी ओढली. एकदा. दुसऱ्यांदा. खोलीत कुणाला काही कळलं नाही, मी मात्र खुर्चीच्या कडेला आलो. ट्रॅव्हिस उठला, चालत गेला, तोंडासमोर हातमोजा धरून काहीतरी बोलला. आणि एवढा मोठा ओस्ट्रॉस्की, पन्नास हजार लोकांसमोर, मान मागे टाकून हसला. समालोचक म्हणाला, "या नव्या मुलाने त्याला काय सांगितलं असेल बरं?"

त्यांनी ट्रॅव्हिसला ठेवून घेतलं. बोट मोडलेला कॅचर या हंगामात परत येत नाही. ताप उतरलेला पहिला, ट्रॅव्हिस दुसरा, आणि तिसरा त्यांना नकोय. बर्लने पत्र लिहिलं होतं, मला त्याची प्रत दाखवली. खरंच लिहिलं होतं, "याला न्या." खाली सवयीने हेही लिहिलं होतं की मी इथे असल्याशिवाय त्याचं चालणार नाही.

काल सामान आवरत होतो. ऑर्व्हिल मासा धुऊन घरी न्यायला आला, कमरेला पट्टा बांधून. मी त्याला चेनची गोष्ट सांगितली, सामना संपल्यावर पोरांनी मला माशाच्या तोंडातून ओढून काढलं तेही.

"पाठीमागची चेन कशाला ओढत होतात?" तो म्हणाला. "ती कायमचीच अडकते. पोटापाशी आतून हूक आहेत. आतल्या माणसाने काढायचे. हे बघ." दोन बोटांनी त्याने माशाचं पोट उघडून दाखवलं. "तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"विचारलंस का कुणाला?"

मी त्याला मासा गाडीत ठेवायला मदत केली.

मग बर्ल आला. पुढच्या वर्षीचा करार घेऊन. यंदा खेळाडू आणि शिकवणारा अशा दोन्ही नात्यांनी, आणि पैसेही थोडे वाढवून.

"खुंटीवरचा मासा हलवतो," तो म्हणाला. "लेखी देतो हवं तर."

"कुठे हलवणार?"

"ते बघू. ड्वेन, तू नसलास तर या पोरांना कोण सांभाळणार?"

आजवर हे ऐकलं की मला छातीत ऊब वाटायची. तशी कालही वाटली, खोटं कशाला सांगू. लेखणी पुढे केली होती त्याने. मी म्हणालो, बर्ल, हात ओला आहे, मासा उचलला आत्ता. कराराचं पाकीट घेतलं आणि बाहेर पडलो.

पाकीट समोर आहे. लेखणीही आहे, तिनेच हे लिहितोय.

नॉर्मनला आठवडाभर थांबायला सांग.

ड्वेन


मॅन्सफिल्ड, ओहायो
९ सप्टेंबर, दुपार

लोरेटा,

तू बँकेत कामावर असणार हे माहीत होतं, म्हणून मंगळवार निवडला. कोठाराची किल्ली अजून त्याच कुंडीखाली ठेवतेस. घर विकलंस ते बरं केलंस, नाहीतर लुटली गेली असतीस.

डब्यातला रंग दगड झालाय. झाकणावर आतून मात्र एक हिरवा पापुद्रा राहिला होता. झाकण घेऊन चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ही छटा आता येत नाही. मी म्हणालो, बघ जरा. तासभर त्याने तीन डब्यांतून मिसळून काढली. तुला जो हवा होता तोच हिरवा आहे. मला तो आठवत नाही असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो, पण आठवत होता.

आधी पोपडे खरवडले. शेजारच्या डोब्रिन्स्कीबाई कुंपणावरून बघत होत्या.

"कोण, दातवाले डॉक्टर का?"

"नाही बाई. मी ड्वेन."

"ड्वेन? अरे, मला वाटलं तू मेलास."

"नाही."

"मग इतकी वर्षं कुठे उलथला होतास?"

"खेळत होतो."

"जिंकलास का?"

"नाही," मी म्हणालो. मोठ्याने म्हटल्यावर ते एवढं काही जड नव्हतं. त्यांनी मला लिंबूसरबत दिलं आणि खालचा एक गज राहिलाय म्हणून दाखवला.

खालचे गज रंगवायला उकिडवं बसावं लागतं. तेवढं मला येतं. गुडघे मात्र खरोखर दुखले, दोन्ही, आणि कुठल्याही यादीविना.

पायऱ्यांवर ठिपके पडू नयेत म्हणून खाली कागद पसरले होते. वर्तमानपत्र एका पायरीला कमी पडलं. तिथे बर्लचा करार घातला. चांगला जाड कागद आहे, रंग खाली झिरपला नाही.

ब्रश धुऊन कोठारात ठेवलाय. उरलेला रंग झाकण लावून तिथेच, नव्या लोकांच्या उपयोगी पडेल. चारची बस आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही, त्यामुळे बस कुठे जाते ते स्टँडवर जाऊन बघेन. पोचलो की तिथून पहिला फोन तुला करीन. उचलायलाच हवा असं नाही.

कठडा उद्या सकाळपर्यंत ओला आहे. टेकू नकोस.

ड्वेन